नेम धरण्यापूर्वी

मराठीत काही शब्द असे आहेत की, एका वाड्यात बिऱ्हाड करून राहणाऱ्या पण एकमेकांच्या वाटेस न जाणाऱ्या कुटुंबांप्रमाणे त्यांचे निरनिराळे अर्थ एकाच अक्षरांच्या आश्रयाने नांदत असतात. ‘नेम’ हा त्यांपैकी एक. चिंचेच्या झाडावर दगड भिरकावणारा पोरगा नेम धरतो, आणि त्याची आजी चातुर्मासात एकभुक्त राहण्याचा नेम धरते. पोराचा नेम चुकला तर चिंच वाचते. आजीचा चुकला तर तिला चार दिवस चैन पडत नाही. जे अचूक असेल त्याला आपण ‘नेमके’ म्हणतो, आणि ज्याचा काडीइतका भरवसा नाही त्याच्याविषयी ‘त्याचा काही नेम नाही’ असे म्हणून हात झटकतो. वळवाच्या पावसाचा नेम नसतो, व्याह्यांच्या रुसव्याचा नसतो, आणि जुन्या घड्याळाचा तर मुळीच नसतो. हे चारी अर्थ लहानपणापासून माझ्या कानांवरून गेलेले होते. परंतु ते एके ठिकाणी बसून एकमेकांशी बोलत असल्याचे मी प्रथम ऐकले, ते गेल्या वर्षी शरद ऋतूत, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, माझ्या भाच्याच्या घरामागील अंगणात. निमित्त होते एका बंदुकीवर नवी दुर्बीण बसवण्याचे.

बंदूक आणि आमचे घराणे यांचा संबंध आजवर दसऱ्याच्या शस्त्रपूजेपुरताही आलेला नाही. त्या दिवशी आमच्याकडे कात्री, अडकित्ता आणि वडिलांची टाकाची दौत यांचीच पूजा होत असे. म्हणून भाच्याने तिकडे जाऊन बंदूक घेतली, आणि शेजाऱ्यांबरोबर तो हरणांच्या शिकारीला जाऊ लागला, हे कळताच माझ्या धाकट्या बहिणीच्या मनाचा जो दाह झाला तो मला समजण्यासारखा होता. मी निघालो तेव्हा तिने माझ्या पिशवीत लेकासाठी मेतकूट भरले, डिंकाचे लाडू भरले, आणि दारापर्यंत येऊन म्हणाली, “दादा, तुझे तो ऐकतो. तेवढे ते बंदुकीचे खूळ त्याच्या डोक्यातून काढूनच ये.” लाडवांइतकेच हे ओझेही मी इमानाने समुद्रापलीकडे नेले.

भाच्यापाशी मी विषय काढला, तेव्हा त्याने वाद घातला नाही. त्याने मला एवढेच सांगितले की, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या राज्यातील पांढऱ्या शेपटीची हरणे जवळजवळ नामशेष झाली होती; शिकारीला शिस्त लावण्यासाठी १८९५ साली तेथे सरकारी मंडळ स्थापन झाले, आणि १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून रानात सोडण्यात आली. लांडगे तर त्या रानांतून केव्हाच नाहीसे झालेले होते. तेव्हा आज हरणे इतकी आहेत की, अलीकडच्या हंगामांत दर वर्षी चार लाखांच्या आसपास हरणांची शिकार होते आणि तरीही ती लोकांच्या परसातील रोपे खायला येतात. “लांडग्याचे काम कुणीतरी करायला हवे, मामा,” तो म्हणाला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले. तिकडे ते हंगाम, परवाने आणि सक्तीचे शिक्षण यांच्या कड्याकुलुपांसह उघडे ठेवलेले आहे. त्याचे म्हणणे मला पटले असे नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवी दुर्बीण बसवणार होता, आणि उपदेश करण्यापूर्वी ज्याविषयी तो करावयाचा ती वस्तू डोळ्यांनी पाहावी, हा नियम मला बरा वाटतो.

चार स्क्रू आवळले की काम झाले, असे कोणासही वाटेल. त्या कामाला सकाळ गेली. पोलादी कपाटातून बंदूक बाहेर आली; काडतुसे दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या किल्लीखाली, घरातच राहिली. नळी मागून बंद करणारा बोल्ट त्याने प्रथम उपसून बाजूला ठेवला. मग बंदुकीच्या पाठीवरील पट्टीचे तेल पुसले, तिच्यावर दोन कडी बसवली, आणि त्यांत दुर्बीण नुसती टेकवली. यानंतर त्याने जे केले ते एखाद्या शिंप्याने गिऱ्हाइकाचे माप घ्यावे तसे होते. डोळे मिटून त्याने दस्ता खांद्याला लावला, गाल त्यावर टेकला, मान सैल सोडली, आणि मग डोळे उघडले. दृश्याच्या कडेला काळी किनार दिसली, की दुर्बीण थोडी पुढे किंवा मागे. डोळा आणि भिंग यांमध्ये सुमारे साडेतीन इंच मोकळे राहावे लागतात. त्याहून जवळ गेले तर गोळी सुटताना बंदूक मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवईवर चंद्रकोर उमटवते. तिकडील मुरलेले शिकारी ती खूण पाहून गालांतल्या गालांत हसतात.

पुढचे साहित्य पाहून मात्र मी थक्क झालो. त्याने लाकडी खोपटाच्या छपरापासून एक दोरा सोडला आणि त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधला. हा तर आमच्या गवंड्याचा ओळंबा! आणि बंदुकीच्या पाठीवर त्याने ठेवली ती, हिरव्या पाण्यात बुडबुडा तरंगणारी, पाणसळ. पाणसळीने बंदूक आडवी समतोल केली; मग दुर्बिणीतून ओळंब्याकडे पाहत, आतील फुलीची उभी रेघ दोऱ्याशी जुळेपर्यंत नळकांडे कड्यांतल्या कड्यांत फिरवले. फुली किंचित कलती राहिली तर जवळच्या निशाणाला ते कळतही नाही. परंतु अंतर वाढले की ‘वर’ म्हणून केलेली दुरुस्ती थोडी ‘बाजूला’ही जाऊ लागते, आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो. शेवटी, मोटारीच्या चाकाचे नट आवळतात त्या रीतीने, एक इकडचा एक तिकडचा असे करीत त्याने स्क्रू पिळले. तेही हाताच्या अंदाजाने नव्हे. किती जोर लागला हे दाखवणारा पाना त्याच्याकडे होता. पंधरा ते अठरा इंच-पौंड, असे तो पुटपुटत होता. कमी पडले तर दुर्बीण सरकते, अधिक झाले तर नळकांडे चेपते.

यानंतर ज्यासाठी हा सारा खटाटोप, ती गोष्ट आली. अंगणाच्या एका टोकाला मेजावर वाळूच्या पिशव्यांत बंदूक रुतवून ठेवली. दुसऱ्या टोकाला, मोजून २५ यार्डांवर, खोपटाच्या भिंतीवर रुपयाएवढी काळी टिकली चिकटवलेली. “या मामा, तुम्ही बघा,” तो म्हणाला. बोल्ट काढलेला असल्यामुळे मागून थेट नळीतून पाहता येत होते. मी वाकून पाहिले. आत आरशासारखे चकाकणारे पोलाद, त्यावर मळसूत्रासारखे पीळ घेत गेलेले खाचे, आणि पलीकडच्या टोकाला जुन्या चवलीएवढा वाटोळा उजेड. त्या उजेडाच्या मधोमध, कुंकवाच्या बोटासारखी, ती टिकली दिसत होती. “आता बंदुकीला हात न लावता वरून दुर्बिणीतून बघा.” पाहतो तो दुर्बिणीतील फुली टिकलीच्या चार बोटे उजवीकडे आणि दोन बोटे खाली, फळीतील एका खिळ्यावर ऐटीत बसलेली! नळी एकीकडे पाहत होती, दुर्बीण दुसरीकडे. दोघी एकाच बंदुकीवर, एकमेकींपासून दीड इंचावर, आणि दोघींना आपापल्या सरळपणाविषयी यत्किंचितही शंका नाही.

आता दोघींना जुळवायचे म्हणजे कोणी कोणाकडे वळायचे? येथेच मला त्या विद्येतील पहिले शहाणपण दिसले. नळी वळत नाही. गोळी कोठे जायची ते नळी ठरवते, आणि तिची समजूत घालण्याचा उपाय कोणापाशी नाही. हलवता येते ते फक्त आपले पाहणे. दुर्बिणीच्या माथ्यावर एक आणि कुशीला एक अशा दोन चक्र्या असतात. त्या फिरवल्या की टिक् टिक् असा बारीक आवाज होतो, आतील एक लहान नळी कमानीच्या दाबाविरुद्ध केसभर कलते, आणि फुली सरकू लागते. भाचा नळीतून पाही, दुर्बिणीतून पाही, चार टिका फिरवी, पुन्हा नळीतून पाही. हळूहळू फुली खिळा सोडून टिकलीकडे आली आणि तिच्यावर स्थिरावली. ज्या बंदुकांतून असे आरपार पाहता येत नाही त्यांच्यासाठी नळीत बसवायचा लाल किरणांचा दिवा मिळतो. तत्त्व मात्र तेच.

त्या चक्र्यांवरील बाणांत एक मौज आहे. बाणाशेजारी ‘वर’ असे लिहिलेले असते, पण त्या दिशेने चक्री फिरवली तर फुली खाली जाते! कारण बाण लिहिलेला आहे तो गोळीच्या भाषेत. फुली खाली गेली, की ती पुन्हा निशाणावर आणण्यासाठी बंदूक वर उचलावी लागते, आणि त्यामुळे गोळी वर लागते. दृष्टी नमली म्हणजे फळ उंचावते, असा याचा अर्थ एखाद्या कीर्तनकाराने सहज केला असता. मला त्यात त्या कारागिरांचा सरळपणाच अधिक भावला. पाहणाऱ्याला काय दिसेल हे त्यांनी लिहिले नाही. शेवटी काय घडेल तेवढेच लिहिले.

या फुलीचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. गॅलिलिओच्या दुर्बिणीत ती घालणे शक्यच नव्हते, कारण त्या रचनेत दुर्बिणीच्या पोटात प्रतिमा कोठेच तयार होत नाही. केप्लरने १६११ साली दोन बहिर्गोल भिंगांची रचना सुचवली, तीत मात्र भिंगांच्या दरम्यान एक खरीखुरी प्रतिमा उमटते, मग ती उलटी का असेना. पुढे १६४० च्या सुमारास यॉर्कशायरमधील विल्यम गॅस्कॉइन नावाच्या तरुण ज्योतिषप्रेमी गृहस्थाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने आपला धागा नेमका त्या प्रतिमेच्या जागी ताणला. त्याने पाहिले तो तारा आणि धागा दोन्ही एकदम स्पष्ट! दुसरा कोणी असता तर दुर्बीण झटकून त्याने कोळ्याला शिव्या दिल्या असत्या. गॅस्कॉइनने ओळखले की, आकाश मोजण्यासाठी हवी असलेली रेघ आपणांस मिळाली. तो बिचारा इंग्लंडच्या यादवीत तरुणपणीच मारला गेला. पण ज्योतिष्यांच्या आणि जमीन मोजणाऱ्यांच्या यंत्रांत कोळ्याचे धागे पुढे थेट विसाव्या शतकापर्यंत वापरात राहिले. बंदुकीवर दुर्बीण आली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे विल्यम माल्कम याने १८५५ साली तिचा कारखाना काढला, तेव्हा ती जवळजवळ नळीइतकीच लांब असे. तारे पाहण्यासाठी सापडलेली रेघ जनावराच्या खांद्यावर येऊन टेकली, याचा विषाद मानावा की माणसाची रीतच ही म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

टिकलीवर फुली बसली, तेव्हा मी भाच्याला म्हटले, “म्हणजे आता दोन्ही रेषा समांतर झाल्या.” तो हसून म्हणाला, “समांतर असत्या तर त्या कधीच भेटल्या नसत्या, मामा.” मग त्याने कागदावर आकृती काढून दाखवली. दृष्टीची रेषा सुतासारखी सरळ. गोळीचा मार्ग मात्र वाकडा. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटते, परंतु झाडावरून पडणाऱ्या आंब्याला जो नियम तोच तिला; बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते. १०० यार्ड जाण्यास तिला सेकंदाचा नववा हिस्सा पुरतो, आणि तेवढ्यात ती जवळजवळ अडीच इंच उतरते. शिवाय दुर्बीण नळीच्या दीड इंच वर बसलेली. तेव्हा १०० यार्डांवर दृष्टी आणि गोळी यांची भेट घडवायची, तर नळीने एवढ्या अंतरात दृष्टिरेषेच्या मानाने सुमारे चार इंच वर चढले पाहिजे. गोळी दृष्टिरेषेच्या खालून निघते, चढून तिला गाठते, आणि मग कायमची खाली जाऊ लागते. १०० यार्डांवर जुळवलेली बंदूक २०० यार्डांवर सुमारे चार इंच खाली मारते, आणि ३०० यार्डांवर फुटाहून अधिक. “आपण जुळवले ते पंचवीसाला,” तो म्हणाला. “त्यामुळे उद्या शंभराला गोळी दोनेक इंच वर लागेल. हे घरचे काम म्हणजे कागदावर गोळी पडेल एवढ्याची सोय. बाकीचे चांदमारीवर.”

त्या रात्री रिकाम्या बंदुकीच्या दुर्बिणीतून मी पुन्हा एकदा टिकलीकडे पाहिले. या वेळी पिशव्यांचा आधार न घेता. नुसत्या डोळ्यांनी पाहताना मला माझा हात अगदी स्थिर वाटत होता. नऊपट मोठे करून दाखवणाऱ्या भिंगात ती फुली टिकलीभोवती भुंग्यासारखी घोंघावू लागली. श्वासाबरोबर ती वरखाली होई, आणि श्वास रोखला तर नाडीच्या ठोक्याबरोबर उडी घेई. भिंगाने टिकली मोठी केली, तसा माझा कंपही मोठा केला. माणसे महागडी दुर्बीण घेतात ती दूरचे जवळून पाहावे म्हणून. तिच्यातून आधी दिसतो तो आपला स्वतःचा थरथराट, हे दुकानदार सांगत नसावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही चांदमारीच्या मैदानावर गेलो. टेकडी कापून केलेली मातीची भिंत, तिच्यासमोर ठरावीक अंतरांवर कागद लावण्याच्या चौकटी, आणि अलीकडे छपराखाली ओळीने मेजे. भोवती मेपलची झाडे होळी पेटल्यासारखी लाल झालेली. कानांवर जाड टोप्या आणि डोळ्यांवर चष्मा चढवल्यावाचून तेथे कोणी उभा राहत नाही. मधून मधून सर्वांनी थांबायचे, बंदुका रिकाम्या करून, बोल्ट उघडून मेजावर ठेवायच्या, आणि मग कोणीही त्यांना हात लावायचा नाही. कारण त्या वेळी लोक कागद बदलायला समोर गेलेले असतात. शंभर-सव्वाशे पावलांवर अनोळखी माणसांनी आपली पाठ आपल्याकडे करावी आणि त्यांना भीती वाटू नये, एवढा विश्वास तो एक नियम निर्माण करतो. देवळात मी इतकी शांत शिस्त क्वचितच पाहिली आहे.

प्रथम २५ यार्डांवर तीन गोळ्या. तिन्ही भोके आवळ्याखाली झाकतील इतकी जवळ, पण केंद्राच्या एक इंच डावीकडे. येथे हिशेब लागतो. चक्रीची एक टिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. २५ यार्डांवर तीच टिक एक इंचाचा सोळावा भाग. म्हणून सोळा टिका उजवीकडे. मग कागद १०० यार्डांवर गेला. पुन्हा तीन गोळ्या, प्रत्येकीनंतर नळी थोडी निवू देऊन. तीन भोके अडीच इंच वर, अर्धा इंच उजवीकडे. दहा टिका खाली, दोन डावीकडे. दहा-पंधरा मिनिटे विश्रांती, आणि शेवटच्या तीन. त्या तिन्ही मधल्या काळ्या वर्तुळात, सव्वा इंचाच्या आत.

शेजारच्या मेजावर एक गृहस्थ सकाळपासून बसले होते. प्रत्येक गोळीनंतर ते दुर्बिणीतून भोक पाहत आणि लगेच चक्री फिरवत. गोळी डावीकडे गेली की उजवीकडे, पुढची उजवीकडे गेली की डावीकडे, वर गेली की खाली. त्यांच्या कागदावर सत्तावीसच्या सत्तावीस नक्षत्रे उगवली होती, पण दोन भोकांची कोठे दृष्टभेट नव्हती. भाचा हळूच म्हणाला, “एका गोळीवरून काही ठरत नसते. ती बंदुकीची चूक, की हाताची, की वाऱ्याची, हे एकीला सांगता येत नाही. तिघी एका ठिकाणी गेल्या तरच ती साक्ष.” मला वाटते, त्या मैदानावर ऐकलेले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य. नऊ गोळ्या एकजात दोन इंच डावीकडे लागत असतील तर ती बंदूक उत्तम आहे. आठ टिका फिरवल्या की झाले. परंतु नऊ गोळ्या नऊ दिशांना जात असतील, तर त्यांची सरासरी अगदी मध्यावर येत असली तरी ती बंदूक आणि तो हात कशाच्याही उपयोगाचा नाही. जी चूक पुन्हा पुन्हा त्याच रीतीने होते ती सुधारता येते. ज्या चुकीचाच काही नेम नाही तिच्यापुढे चक्री काय करणार?

या विद्येतील थोर लोकही याला अपवाद नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडे घरोघर पेढे वाटले गेले. त्या स्पर्धेत मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र, पुढे एक कडे, आणि कड्याच्या मधोमध काळे निशाण, एवढेच साधन. परंतु स्पर्धा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक नेमबाजाला ठरावीक वेळ दिलेला असतो, आणि त्या वेळात मारलेल्या गोळ्यांचे गुण धरत नाहीत. काल जुळवलेली बंदूक आज, या उजेडात, या वाऱ्यात कोठे मारते हे विचारण्याची ती मुभा आहे. जगातील उत्तमोत्तम नेमबाजही ती घेतात, आणि कागद जे सांगेल त्याप्रमाणे आपले मागचे छिद्र दोन टिका सरकवतात.

परंतु आम्ही ज्या कामासाठी गेलो होतो तेथे कागद नसून जीव होता, हे मी विसरलो नव्हतो. परतताना भाच्याने ते आपण होऊन काढले. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे यांची जागा सुमारे आठ इंच व्यासाची, जेवणाच्या लहान बशीएवढी, धरतात. गोळी तेथे लागली तर जनावर काही पावलांत पडते. हातभर मागे लागली तर ते पोटातील गोळी घेऊन रात्रभर रानात फिरते, आणि पहाटे कोठे तरी ओढ्याकाठी मरते. “कालचा सगळा खटाटोप त्या रात्रीसाठी होता, मामा. ती रात्र कोणत्याही हरणावर येऊ नये म्हणून.” मेजावर वाळूच्या पिशव्यांत बंदूक ठेवून सव्वा इंच साधणे निराळे आणि थंडीत, झाडाला पाठ लावून, धाप लागलेली असताना साधणे निराळे, हेही त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने शेवटच्या काही गोळ्या मेज सोडून, जमिनीवर बसून मारल्या होत्या. आणि कोठवर त्या सगळ्या बशीत पडतात ते पाहून स्वतःस १५० यार्डांची मर्यादा घालून घेतली होती. त्यापुढे कितीही मोठे हरीण दिसो, चाप ओढायचा नाही.

हा नेम कोणत्या अर्थाचा म्हणावा, असा विचार मी गाडीत बसून करीत होतो. दुर्बिणीच्या कोणत्याही चक्रीवर तो कोरलेला नव्हता. ओळंबा, पाणसळ, भिंगे आणि टिका यांनी बंदुकीला सरळपणा आणला. कोठे थांबावे हे त्यांना सांगता आले नाही. ते त्याला कागदावरील भोकांपाशी बसून स्वतःच्या हाताविषयी शिकावे लागले होते. हरीण मारण्याविषयी माझे मत त्याने बदलले नाही. मी अजूनही ते करणार नाही आणि कोणी करावे असे मला वाटत नाही. परंतु ज्याला ते करावयाचेच आहे त्याने या सकाळीला कंटाळता कामा नये, एवढे मी मान्य करतो. दयेला इतके रूक्ष आणि इतके मोजमापाचे काम करावे लागत असेल, हे आमच्या घरातील कोणत्याही पोथीने मला सांगितले नव्हते.

परत येऊन मी बहिणीला सारी हकीकत सविस्तर सांगितली. ओळंब्याची, टिकलीची, बशीएवढ्या जागेची आणि दीडशे यार्डांची. खूळ काढले का, एवढेच तिला ऐकायचे होते. पुढे नोव्हेंबरच्या अखेरीस तिकडे हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी सकाळच्या धुक्यातून एक मोठे शिंगाडे हरीण रानाच्या कडेला येऊन बराच वेळ उभे राहिले. अंतर दोनशेच्या पुढचे होते. भाच्याने फुली त्याच्यावर ठेवली, अंतर पुन्हा पाहिले, आणि बंदूक खाली घेतली. संध्याकाळी एकही काडतूस खर्ची न घालता तो घरी आला. हे त्याने मला दूरध्वनीवरून सांगितले, आणि मी मोठ्या उत्साहाने ते बहिणीला जाऊन सांगितले.

तिने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग हातातील भाजीची पाटी खाली ठेवीत ती म्हणाली, “मारायचे नव्हते तर दादा, एवढा सगळा खर्च करून ती दुर्बीण बसवली कशाला?”

तिला काय उत्तर द्यावे याचा विचार मी अजून करीत आहे.